पाणलोटाची रेषा

मराठीतील युरोपविषयक प्रवासवर्णनांत पर्वत पुष्कळ भेटतात. परंतु त्या पर्वतांना राजकीय इतिहास असतो, ही जाणीव त्या मानाने विरळच आढळते. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' या पुस्तकाच्या नावातच एक राजकीय दिशा सूचित होती. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) मध्यमवर्गीय कुतूहलाला प्रसन्न विनोदाची जोड दिली आणि वाचकांची अपेक्षा बव्हंशी त्या वळणावर स्थिरावली. त्यानंतर आल्प्स पर्वत आपल्याला भेटत राहिला तो मुख्यतः दृश्य म्हणून. दृश्य पाहणारा आणि पाहिले जाणारे यांच्यामध्ये सत्तेचा काही संबंध असू शकतो, हा प्रश्न या वाङ्मयप्रकाराने स्वतःला क्वचितच विचारला. तो प्रश्न मला सुचला त्याचे श्रेय माझ्या व्यासंगापेक्षा माझ्या जिल्ह्याला अधिक आहे.

जालना जिल्हा डोंगरांसाठी प्रसिद्ध नाही. त्याच्या उत्तरेकडून अजिंठ्याची रांग जाते. ती उंच नाही आणि पावसाळा सरला की करडी दिसू लागते. परंतु ही रांग पाणी विभागते. अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर तापीला मिळते आणि तिचे पाणी पश्चिम समुद्राकडे जाते. दक्षिण उतारावरच्या केळणा आणि जुई या नद्या पूर्णेला, पूर्णा गोदावरीला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. निसर्गाने आखलेली ही रेषा राजकारणाने कधी आणि कशी उचलली, याची कथा जालना जिल्ह्यातल्याच एका गावापासून सुरू होते.

केळणा आणि जुई यांच्या संगमालगतच्या असई या गावी २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. त्याचे स्वतःचे दीड हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनानी पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन होता आणि ज्या इंग्लंडच्या राजाच्या सेनापतीशी तो लढत होता, तो राजाच हॅनोव्हरचा अधिपती होता. युरोपचे राजकारण असे आमच्या ज्वारीच्या मुलखात येऊन पोचले होते. त्याच वर्षी ३० डिसेंबर रोजी झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहात अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेकडील शिंद्यांचा मुलूख सोडून देण्याचे कलम आले; त्यात जालनापूरचा किल्ला आणि परगणा यांचा नावानिशी उल्लेख आहे. हा मुलूख पुढे निजामाकडे गेला. डोंगर पूर्वीपासून तेथेच होते. सीमा म्हणून त्यांची नेमणूक या कागदाने केली.

असईचा विजेता पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ च्या आरंभी व्हिएन्ना परिषदेत इंग्लंडचा प्रतिनिधी म्हणून बसला. ज्या हाताने अजिंठ्याची रांग तहात लिहिली, त्याच हाताने युरोपच्या सीमा ठरविणाऱ्या परिषदेत भाग घ्यावा, हा योगायोग मला वॉटर्लूच्या मैदानावर तीव्रतेने जाणवला. तेथे २२६ पायऱ्यांची, सुमारे चाळीस मीटर उंचीची एक टेकडी आहे. ती माणसांनी माती रचून केलेली आहे. नेदरलँड्सच्या राजाने आपला पुत्र त्या जागी जखमी झाला म्हणून ती उभारविली आणि १८२६ मध्ये ती पूर्ण झाली. अवघ्या चार वर्षांत बेल्जियम त्या राज्यातून फुटून निघाला. त्या राजाची टेकडी आणि तिच्यावरचा सिंह आज परक्या देशात उभे आहेत. राज्यसंस्थेला डोंगर मिळाला नाही तर ती तो रचते; मिळाला तर त्याचा अर्थ रचते, एवढा बोध त्या पायऱ्या चढताना होतो.

अर्थ रचण्याची ही क्रिया ब्रेनर खिंडीत अधिक स्पष्ट दिसते. इन्सब्रूकहून दक्षिणेकडे जाणारी आगगाडी १३७० मीटर उंचीवरची ही खिंड ओलांडून इटलीत उतरते. खिंडीच्या उत्तरेचे पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि काळ्या समुद्राला, तर दक्षिणेचे आदिजे नदीतून एड्रियाटिक समुद्राला मिळते. पहिल्या महायुद्धात इटलीला ओढून घेण्यासाठी १९१५ च्या गुप्त लंडन तहात दोस्त राष्ट्रांनी ही रेषा तिला देऊ केली आणि १९१९ च्या सेंट जर्मेन तहाने ती दिली. समर्थन पाणलोटाचे होते: पर्वताचा माथा ही निसर्गदत्त सीमा. वस्तुतः खिंडीच्या दोन्ही अंगांना टायरॉलचे जर्मनभाषक शेतकरी राहत होते आणि सीमा राष्ट्रीयत्वाच्या स्पष्ट रेषांनुसार असाव्यात, असे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी इटलीबद्दल १९१८ मध्येच म्हटले होते. माणसांची भाषा आणि पाण्याची दिशा यांत विरोध आला, तेव्हा पाण्याची साक्ष ग्राह्य धरली गेली.

पुढील इतिहास जालन्याच्या वाचकाला अगदीच अपरिचित वाटणार नाही. फॅसिस्ट राजवटीने दक्षिण टायरॉलमधील गावांची, नद्यांची नावे इटालियन केली, जर्मन शाळा बंद पाडल्या. मुले घराघरांतून चोरून मातृभाषा शिकली. हैदराबाद संस्थानातील स्थिती हुबेहूब अशी नव्हती. तेथे मराठीवर तशी सरसकट बंदी नव्हती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने एका भारतीय भाषेला उच्च शिक्षणाचे माध्यम केले, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व नाकारता येत नाही. परंतु ती भाषा उर्दू होती आणि मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्यांना ज्ञानाकडे तिच्याच दारातून जावे लागे. आमच्याकडील वडीलधारी मंडळी स्वतःच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. डोंगरापलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली. मध्ये करोडगिरीचा नाका. तरीही सीमा डोंगरमाथ्यावर नव्हती. अजिंठ्याची लेणी आणि घाटाखालचे फर्दापूर ही दोन्ही उत्तर उतारावरची स्थळे निजामाच्याच राज्यात होती. निसर्गदत्त म्हणविली जाणारी रेषा सोयीनुसार उतरंडीवरून खाली सरकते, हे येथे नकाशावर बोट ठेवून दाखविता येते.

१९४७-४८ मध्ये मनमाड, बार्शी, उमरखेड अशा सीमेलगतच्या गावांत मुक्तिसंग्रामाचे कॅम्प उभे राहिले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. अजिंठ्याची सीमा पुसली गेली, असे आपण म्हणतो. दक्षिण टायरॉलमध्ये सीमा पुसली गेली नाही. तिचा अर्थ बदलला. १९६१ च्या जून महिन्यात तेथे विजेचे मनोरे स्फोटांनी पाडण्यात आले. ऑस्ट्रियाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर वीस वर्षांनी, १९९२ मध्ये, वाद मिटल्याचे जाहीर झाले. आज फलकांवर दोन भाषा आहेत, काही दऱ्यांत लादीनसह तीन. सरकारी नोकऱ्या भाषिक गटांच्या प्रमाणात वाटल्या जातात. १९९८ मध्ये ब्रेनरचा अडसर काढण्यात आला. मात्र २०१६ मध्ये निर्वासितांच्या आगमनाच्या पार्श्वभूमीवर ऑस्ट्रियाने तेथे पुन्हा तपासणीची तयारी केली. अडसर उचलला गेला तरी त्याची जागा शाबूत राहते.

या तडजोडीचे गोडवे गाण्याचा मोह मराठी प्रवाशाला होतो, कारण त्याला बेळगाव आठवते. तुलना तेवढ्यावर थांबविणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. प्रांतात जर्मनभाषक बहुसंख्य असले तरी बोल्झानो शहरात इटालियनभाषक अधिक आहेत. प्रत्येकाने आपण कोणत्या भाषागटाचे हे जाहीर करावे लागते. दुभाषिक घरातील मुलाला तेथे एक बाजू निवडावी लागते. सीमा सरकली की अल्पसंख्य बदलतात, अल्पसंख्यत्व संपत नाही. बेळगावच्या मराठी माणसाविषयी मला जी आस्था वाटते, तीच जालन्याच्या जुन्या वस्तीत उर्दू शाळेत जाणाऱ्या मुलाविषयी वाटते का, असा प्रश्न बोल्झानोच्या दुभाषिक फलकाखाली उभे राहून टाळता येत नाही. कालची राजभाषा आज त्या मुलाच्या घरची भाषा आहे. तिच्याशी आपण विजेत्यासारखे वागतो की शेजाऱ्यासारखे, यावर आपल्या मुक्तीचा अर्थ ठरेल.

पाणलोटाविषयी एक शेवटची नोंद करणे आवश्यक आहे. पाणलोट जर माणसांना वेगळे करीत असेल, तर एकाच पाणलोटातील माणसे एकत्र यावयास हवीत. जालना शहराची तहान बरीचशी पैठणच्या जायकवाडी जलाशयावर अवलंबून आहे. त्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक आणि नगरची धरणे आहेत. सर्व मराठी, सर्व एका राज्यातील, सर्व एका खोऱ्यातील. आणि तरीही टंचाईचे समान वाटप व्हावे म्हणून २००५ चा कायदा आणि २०१४ चा प्राधिकरणाचा आदेश यांची गरज पडली. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहणाऱ्या जालनेकराला खोऱ्याच्या नैसर्गिक ऐक्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे पाणलोट स्वतः तोडत नाही आणि जोडतही नाही. त्याच्या नावाने कोण बोलतो आणि कोणाचे पाणी, कोणाची भाषा त्या बोलण्यातून वगळली जाते, हाच खरा प्रश्न उरतो.

प्रवासवर्णनाच्या समीक्षेने हा प्रश्न आपला मानावयास हवा. शैली, विनोद, चित्रमयता या निकषांबरोबरच, लेखकाने पाहिलेल्या डोंगरावर कोणाची नावे खोडून कोणाची लिहिली गेली याची त्याला खबर होती का, हेही विचारले पाहिजे. ही खबर मिळविण्यासाठी आल्प्सपर्यंत जाण्याची गरज नाही. जालन्याहून सकाळी निघालेला विद्यार्थी दुपारपर्यंत असईच्या संगमावर पोचू शकतो. उत्तरेला अजिंठ्याची रांग आहे, आणि १८०३ च्या तहातील ते कलम सोबत नेले म्हणजे पुरे.