साडेतीन फुटी सरडा

साडेतीन फूट लांबीच्या सरड्याचं कातडं, आत गवत भरलेलं, छताला टांगलं तर फारच शोभिवंत. शिंपला जडवलेल्या तीन जुन्या बंदुका. अर्क काढायची विटांची भट्टी. एक ल्यूट, तारा जवळजवळ सगळ्या शाबूत! ही जुन्या बाजारातली यादी नाही, हे कर्ज आहे. पॅरिसमधल्या एका पोराला पंधरा हजार फ्रँक हवेत. सावकार म्हणतो, रोख बाराच देईन, उरलेल्या तीन हजारांपोटी हा माल घे. वर उपकाराची भाषा अशी की माल खरा साडेचार हजारांचा, पण मी पडलो भला माणूस, म्हणून तीनच लावले.

मोलिएरच्या ‘लाव्हार’ या नाटकाचा हा दुसरा अंक. पहिला प्रयोग 9 सप्टेंबर 1668, पॅरिसच्या पाले-रॉयाल नाट्यगृहात. अत्र्यांनी याच नाटकावरून ‘कवडीचुंबक’ लिहिलं, त्यामुळे चिक्कू म्हातारा आपल्या रंगभूमीला परका नाही. पण मूळ नाटकातला हा कर्जाचा प्रवेश वाचताना मी अक्षरशः उठून उभा राहिलो. त्यातला म्हातारा आर्पागाँ नुसता पैसे पुरून बसलेला चिक्कू नाही हो! तो धंदेवाईक सावकार आहे. व्याज कसं लावतो पाहा: आधी सज्जनासारखं अठरामागे एक, म्हणजे साडेपाच टक्के. मग हळूच पुढचं कलम: माझ्याकडे रोकड नाही, मलाच दुसऱ्याकडून पाचामागे एक, म्हणजे वीस टक्क्यांनी उचलावी लागणार, तेव्हा तेही तूच भर. झाले पंचवीसच्या वर.

आणि कर्ज मागणारा कोण? त्याचाच मुलगा, क्लेआंत! दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, मध्ये दलाल आहे. दलाल सावकाराला पटवतो की गिऱ्हाईक पक्कं आहे, श्रीमंत घरचं आहे, आई आधीच गेलीय, आणि हवं तर बाप आठ महिन्यांच्या आत मरेल अशी हमी लिहून द्यायलाही तयार आहे. यावर आर्पागाँ खूश! हे तर काहीतरी झालं, म्हणतो, शेवटी माणसानं माणसाच्या उपयोगी पडायला हवं. स्वतःचं मरण तारण म्हणून मनापासून पसंत करणारा सावकार मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. मग बापलेक समोरासमोर येतात आणि दोघंही एकमेकांना बेशरम ठरवतात. दोघांचंही बरोबर असतं.

पुढे फ्रोझीन येते, लग्नं जुळवणारी. आर्पागाँला पोरीच्या वयाची मारियान हवी, पण हुंड्याशिवाय नको. फ्रोझीन गणित मांडते: मुलगी कोशिंबीर, दूध, चीज, सफरचंदांवर वाढलीय, वर्षाला तीन हजार वाचले. कपड्यांचा सोस नाही, चार हजार. जुगाराला शिवत नाही, पाच हजार. झाले की बारा हजार उत्पन्न! न होणारा खर्च तिनं हुंड्याच्या रकान्यात घातला. आर्पागाँ म्हणतो, मला मिळत नाही ते मी जमा धरणार नाही. आणि इथे, खरं सांगतो, मला तो पटला.

आर्पागाँची भूमिका मोलिएर स्वतः करत होता. त्याला खोकला होता, तर त्यानं तो नाटकातच घालून टाकला: फ्रोझीन म्हाताऱ्याला सांगते, तुम्ही खोकता किती ऐटीत! पुरलेली पेटी चोरीला गेल्यावरचं स्वगत तर काय सांगू. चोर, चोर ओरडत तो एका हाताला झडप घालतो, तो हात त्याचाच निघतो. मग प्रेक्षकांकडे वळून त्यांच्यातच चोर शोधू लागतो. प्रेक्षक हसतात आणि हसल्यामुळेच संशयित ठरतात!

या धुंदीतच मी लसाज या फ्रेंच नाटककाराचं ‘तुर्कारे’ उघडलं, आणि ते अजून उतरलेलं नाही. मोलिएरकडे लोभ एका माणसाचा रोग आहे. घरातली तरुण माणसं निदान प्रेम तरी करतात. लसाजकडे सगळं गावच त्या धंद्यात. तुर्कारे हा करवसुलीचा मक्तेदार. राजाला लढायांसाठी पैसा हवा, तो या मंडळींनी द्यायचा आणि रयतेकडून सव्याज काढायचा. तुर्कारे रयतेला लुबाडतो, त्याला एक विधवा बॅरोनेस लुबाडते, तिला जुगारी शेव्हालिए, आणि शेव्हालिएला त्याचा नोकर फ्राँताँ. बॅरोनेसची मोलकरीण मारीन तिला सावध करते, तर वाटतं आली एकदाची कोणीतरी सरळ बाई. कसलं काय! तिचं म्हणणं एवढंच की लुबाडा, पण तो पैसा त्या जुगाऱ्यावर उधळू नका, स्वतःकडे ठेवा.

तुर्कारेनं बायकोला पैसे पाठवून दूर परगावी ठेवलंय आणि इथे बिजवर म्हणून मिरवतोय. बहीण घरोघर जुन्यापान्या वस्तू विकते आणि गिऱ्हाइकांसमोर श्रीमंत भावाच्या नावानं बोटं मोडते. त्याचा भोळा नोकर फ्लामाँ याला बॅरोनेसच्या शब्दावर एक सरकारी जागा मिळते. तो निरोप घ्यायला येतो आणि हात जोडून विनवतो की बाईसाहेब, आमच्या मालकांवरचा लोभ कमी करू नका, नाहीतर माझी जागा जाईल. एवढ्याशा विनंतीत अख्खा राज्यकारभार उघडा पडतो. याहून मोठं भाषण लसाज करत नाही.

प्रयोग झाला 14 फेब्रुवारी 1709 ला, कॉमेदी-फ्राँसेझमध्ये. बाहेर युद्ध चालू, युरोपभर हाडं गोठवणारा हिवाळा. पैसेवाल्यांनी नाटक मागे घ्यायला लसाजपुढे एक लाख ठेवले आणि त्यानं नाकारले, अशी आख्यायिका आहे. खरी असो-नसो, ती पसरली यावरूनच घाव कुठे बसला ते कळतं. सात प्रयोगांनंतर नाटक उतरलं.

शेवटी तुर्कारेला पकडून नेतात. सगळे हात चोळत बसतात आणि फ्राँताँच्या खिशात चाळीस हजार! तो बॅरोनेसची दुसरी मोलकरीण लिझेत हिला सांगतो की आता आपण लग्न करू, आपली पोरंबाळं इभ्रतदार घराण्यातली म्हणवतील. तुर्कारेची सद्दी संपली, माझी सुरू झाली. न्याय नाही, पश्चात्ताप नाही, पडदा. हा फ्राँताँ मराठीत कोणीतरी करायलाच हवा, आणि करणाऱ्यानं मेहेरबानी करून त्याला खलनायक करू नये. चांगली बातमी आणलेल्या होतकरू तरुणासारखी ती वाक्यं म्हणावीत, आणि समोरच्या खुर्च्यांतून टाळी येते का ते पाहावं.