मृदंगाची शाई

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

तंजावरहून तिरुवैयारु जेमतेम तेरा किलोमीटर, पण पोंगलच्या गर्दीत बसला तासभर लागला. कावेरीकाठी मांडव सजलाय. संध्याकाळपासून संतसंगीतकार त्यागराजांची आराधना सुरू.

आत्याने चहाआधीच डीव्हीडी लावली. तिच्या मराठीत व्यंकोजीराजांच्या काळचे शब्द आणि कालचं तमिळ एकत्र नांदतात, पुण्यात वाढलेल्या मला निम्मं अंदाजाने कळतं. पण आजचं वाक्य पहिल्या फटक्यात कळलं : "तुझा बाबा एवढा जाडा होता काय रे?"

१९९९च्या आराधनेतल्या पंचरत्न कृती. त्यागराजांच्या समाधीसमोर गाणाऱ्यांच्या रांगेत बाबा, गाल फुगलेले, खांदे शेजाऱ्याच्या मांडीपर्यंत पसरलेले. बाबा आयुष्यभर काडीसारखे होते. मृदंगाच्या तोंडावर कॅमेरा गेला तसं चित्र थांबवलं आणि शाळेची पट्टी टीव्हीवर धरली. शाईचा काळा गोल : रुंदी आठ सेंटिमीटर, उंची सहा. म्हणजे बाबा बरोबर एक तृतीयांश जास्त रुंद झालेत.

ही डीव्हीडी कुठल्याशा स्टुडिओने टेपवरून करून दिली होती. आत्याने तेव्हा त्यांना फोनवर भरपूर सुनावलं म्हणे. मीही आज दोन शब्दांची भर घातली. लग्नाच्या व्हिडिओंवर माझं पोट आहे, असली कामं मी रोज निस्तरतो.

१५ जानेवारी

मूळ मिनी-डीव्ही टेप आत्याने रेशमी साडीच्या घडीत ठेवलेली. कॅमेरा आणि फायरवायरचा जुना लॅपटॉप पुण्याहून आणलाच होता. तासाची टेप उतरायला तासच लागतो, तेरा जीबीच्या आसपास जागा खाते. त्या तासात तीन वेळा फिल्टर कॉफी आणि एकदा घरातल्या सगळ्यांची उणीदुणी.

आत्याने विचारलं, चित्र जाडं होतंच कसं? डीव्हीडीच्या चित्रात आडवे ७२० ठिपके, उभे ५७६. भागाकार सव्वा येतो. ना ४:३, ना १६:९. कारण हे ठिपके चौरस नसतातच. तेच ७२० ठिपके जुन्या टीव्हीसाठी थोडे ताणायचे, रुंद टीव्हीसाठी जास्त; किती ताणायचे ते फाइलमधली एक खूण सांगते. "एकच खण," मी म्हटलं, "शिंपी सांगेल तेवढ्या मापाचा." ती म्हणाली, खणाची चोळी होते, झगा नाही.

१६ जानेवारी

२००८ची एचडीव्ही टेप उलट्या रोगाची. १४४० बाय १०८०. सॉफ्टवेअरने ठिपके चौरस धरले आणि सगळे गवई महिनाभर उपाशी असल्यासारखे. आकार १६:९ सांगितल्यावर अंगावर मांस चढलं.

भाच्याने मोबाइलवर उभं चित्रीकरण केलंय. ते १६:९ डीव्हीडीत बसवलं तर ७२० पैकी २२८ ठिपके त्याच्या वाट्याला, बाकी काळं. दोन्ही बाजूंना तेच चित्र धूसर करून भरायची न्यूज चॅनेलवाल्यांची खोड मला नाही. राहू दे काळं.

बेत ठरला : जुनं वेगळ्या टायटलमध्ये ४:३, नवं १६:९. नियमाला धरून. न्यू जर्सीच्या चुलतभावाला फाइलच पाठवीन. तिकडच्या डिस्कचं गणित निराळं, ४८० ओळी आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम.

१७ जानेवारी

डिस्क जाळली, लावली. बाबा पुन्हा जाडे.

पट्टी धरली. आठ आणि सहा.

अर्धा तास माझं डोकं चालेना. मग स्टुडिओची डिस्क लॅपटॉपमध्ये घातली. बाबा काडीसारखे. शाई गोल. खूण ४:३चीच, अगदी बरोबर. दोष त्यांचा नव्हताच. आत्याचा प्लेअर पिवळ्या वायरीने टीव्हीला जोडलेला. त्या वाटेने ती खूण आमच्या टीव्हीपर्यंत पोचत नाही, आणि टीव्ही जे येईल ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणतो.

उपाय सोपा : रिमोटवर चित्राचा आकार बदलायचा. पण जुन्याला एक, नव्याला दुसरा, असं आत्या दर वेळी करणार नाही. मग नियम गुंडाळून ठेवला. जुनं चित्र ५४० ठिपक्यांत दाबून दोन्ही कडांना नव्वद-नव्वद काळे ठिपके घातले आणि सगळंच १६:९ केलं. आडवा बारकावा पावभाग गेला. जीवावर आलं, पण या घरात हेच चालेल.

१८ जानेवारी, शनिवार

पुष्य बहुल पंचमी. पहाटे समाधीपाशी. ती बांधवून घेणाऱ्या नागरत्नम्मांची मूर्ती समोरच आहे; आत्या आधी तिला नमस्कार करते, मग त्यागराजांना. नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री : पाच रागांतल्या पाच कृती शेकडो गळ्यांतून एकदम. मी मोबाइल आडवा धरला आणि गौळ सुरू होताना खिशात ठेवून दिला.

संध्याकाळी नवी डिस्क. "कडेला हे काळं काय?" एवढंच विचारलं, मग गप्प. बाबा हातावर ताल धरून गात होते, तेच खोल गेलेले गाल. शेवटची कृती संपेपर्यंत आत्या हलली नाही.

रिमोटवरच्या आकाराच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली. ती बघत होती. मग पर्स काढली : उद्या निघताना अशोका हलव्याचे दोन डबे आण. एक पुण्याला. दुसरा त्या स्टुडिओवाल्यांना, आणि तो तूच नेऊन दे, मला फोन करायला लाज वाटते.