दोष कानांचा की यंत्राचा?

नाशिकच्या भांडीबाजारातील दुकान सायंकाळी धाकट्या भावावर सोपवून थोरला मुलगा माळ्यावरील टेबलापाशी बसे. आजोबांच्या जुन्या रेडिओने बालपणी लावलेला व्हॉल्व्हचा नाद व्यापारातही सुटला नव्हता. त्या चातुर्मासात त्याने वडिलांसाठी हेडफोनचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर स्वतः जुळवला. प्रतिक्रमण आटोपल्यावर बाबूजी ध्वनिमुद्रित प्रवचने ऐकत. घरच्यांची झोपमोड होऊ नये, एवढाच त्यामागील हेतू.

चार दिवसांनी बाबूजींनी हेडफोन बाजूला ठेवला. म्हणाले, "आवाज भरपूर आहे, पण शब्द लागत नाहीत." ऐंशीच्या घरातील कान आता थकले, असे मुलाने मनाशी ठरवले आणि कानाच्या डॉक्टरांची वेळही घेतली.

तत्पूर्वी एका रात्री त्याने यंत्राची परीक्षा केली. हलका सूर सोडून, काहीही न जोडता बाहेर येणारे व्होल्टेज मोजले. मग ते निम्मे होईपर्यंत निरनिराळे रेझिस्टर जोडून पाहिले. 60 ओहमला ते निम्मे झाले. हाच यंत्राचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याच्या पोटातील विरोध. खर्च वाचवण्यासाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मर वगळल्याची ही किंमत होती.

पुढचा हिशेब व्यापाऱ्याला सहज उमगणारा होता. हेडफोनवर 32 ओहम लिहिलेले असले तरी तो आकडा सर्व सुरांना सारखा नसतो. या हेडफोनचा विरोध खर्जात 96 ओहमपर्यंत चढत होता. त्यामुळे बोलण्याच्या पट्टीत रुपयातले 35 पैसे हेडफोनला मिळत, खर्जात मात्र 62. उरलेले यंत्र स्वतःपाशीच ठेवी. खर्ज फुगे आणि शब्द त्याखाली दबत.

त्याने 300 ओहमचा हेडफोन आणला. आता बोलण्याच्या पट्टीत 83 पैसे पोहोचू लागले. खर्जात विरोध दुप्पट झाला तरी 91. तोल सावरला. त्या रात्री बाबूजींनी संपूर्ण प्रवचन ऐकले आणि सकाळी त्यातील दृष्टान्त नातवंडांना सांगितला.

डॉक्टरांची वेळ मुलाने रद्द केली नाही. त्या वयात तपासणी हवीच. पण संवत्सरीला क्षमापना करताना तो वाकून म्हणाला, "बाबूजी, माझ्या यंत्राचा दोष मी तुमच्या कानांवर ढकलला. मिच्छामि दुक्कडम्."

बाबूजी हसले. "माप कमी भरले, तर आधी आपला तराजू तपासावा," एवढेच ते म्हणाले.