नातीचा यंत्रगुरु

आमची नात वैद्यकीय महाविद्यालयांत तिसऱ्या वर्षास आहे. सुटींत ती आमचेकडे आली असतां एके रात्रीं तिच्या खोलींतून शब्द ऐकूं आले, "छातींत केव्हांपासून दुखतें? डाव्या हातांत कळ येते काय?" एवढ्या अपरात्रीं कोण रोगी आला म्हणून आम्ही डोकावलों, तों रोगी कोणीच नाहीं! कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र रोगी होऊन उत्तरें देत होतें, आणि शेवटीं तेंच परीक्षक होऊन कोणते प्रश्न विचारावयाचे राहिले तें सांगत होतें.

ज्यांनीं जन्मभर मुलांच्या हातांतील गाईडें काढून घेतलीं, त्या आम्हांस हें कसें रुचावें? परंतु नात म्हणाली, "आजोबा, २०१९ पासून आमच्या अभ्यासक्रमांत रोग्याशीं बोलणें हाहि विषय आहे. वॉर्डांत एका रोग्याभोंवतीं आम्ही पंधराजण असतों. येथें चुकलें तर कोणास दुखत नाहीं."

यावर आम्हांस सुश्रुत आठवला. शिष्यानें छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर करावा, शिरावेधाचा मृत पशूच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा, आणि पट्टे बांधावयास वस्त्रादिकांचा पुतळा घ्यावा, असें त्यानें सूत्रस्थानांत सांगितलें आहे. मग नातीचा पुतळा बोलका आहे, एवढाच भेद!

तथापि गुरूची परीक्षा केल्यावांचून त्यास मान देणें आमच्या स्वभावांत नाहीं. या सरावाविषयींचा सुश्रुताचा श्लोक आम्हीं यंत्रास मागितला. त्यानें तत्काळ अध्याय-क्रमांकासह एक अनुष्टुभ् दिला. पाहतों तों पांचवें अक्षर गुरु! ग्रंथ उघडला, तर तेथें असा श्लोकच नाहीं. तो भाग गद्यांत आहे. नात म्हणाली, "तें मुळांत कोणत्या शब्दामागून कोणता शब्द यावा याचा अदमास बांधतें." हेंच यंत्र-कुळ मोठ्या परीक्षांतहि चमकतें. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरांत सर्वांस खुलें झालें, आणि अमेरिकेंतील वैद्यकीय परवाना-परीक्षेच्या प्रश्नांत तें उत्तीर्णतेच्या सीमेपाशीं पोंचल्याचें संशोधकांनीं २०२३ त प्रसिद्ध केलें. परंतु श्लोकाची चूक आम्हांस कळली ती श्लोक येत होता म्हणून. औषधाच्या मात्रेंत अशी चूक झाली, तर ती कोणास कळावी?

याच सुमारास घरांत एक गोष्ट घडली. दोन महिने आमच्या सौभाग्यवतींस जिना चढतांना धाप लागे. "वय झालें," म्हणून आम्ही स्वस्थ होतों. नातीनें नांव न देतां लक्षणें यंत्रास सांगितलीं. त्यानें सहासात कारणें दिलीं. पांडुरोग त्यांत होता, आणि चालूं असलेलीं औषधें विचारावीं असेंहि त्यानें बजावलें. नातीनें विचारलें. "रक्तदाबाची गोळी, दुसरें कांहीं नाहीं," असें उत्तर मिळालें.

सायंकाळीं दोघी भाजी निवडीत बसल्या असतां नातीनें आजीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आंतून ती पांढरीफटक होती. मग हात हातांत घेऊन तिनें पुनः विचारलें, "आजी, गुडघ्यांसाठीं काय घेतेस?" तेव्हां फडताळांतून पुडी निघाली. शेजारणीच्या सांगण्यावरून चार महिने रोज दोन वेदनाशामक गोळ्या चालूं होत्या! शौचास काळें होतें, हेंहि तेव्हांच कळलें. औषधांच्या खर्चावरून आम्ही पूर्वीं एकदां बोललों होतों, म्हणून हें सारें आमच्यापासून लपविलें गेलें. पोटांत व्रण निघाला. हिमोग्लोबिन ७ वर आलें होतें. आतां त्या बऱ्या आहेत.

प्रश्न यंत्रानें सुचविला होता, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु उत्तर मिळालें तें जवळ बसणारीस मिळालें. म्हणून ज्यांचीं मुलें वैद्यक शिकत असतील त्या वाचकांस आमची विनंति कीं, यंत्र हिसकावून घेऊं नये, मुलांस एवढेंच विचारावें: "त्यानें सांगितलेलें ग्रंथांत ताडून पाहिलेंस काय? आणि आज किती रोग्यांजवळ बसलास?"

आम्हीहि आतां घरांत रोज विचारतों, "आज कसें वाटतें?" आणि उत्तर पुरें होईपर्यंत वर्तमानपत्र उघडीत नाहीं.