फडाची पारख

शहादा, जि. नंदुरबार
मार्गशीर्ष शुद्ध 6

तीर्थरूप आप्पा यांस,


पत्रास कारण की, यंदाच्या लोककला स्पर्धेच्या परीक्षणाचे काम आपण पत्करल्याचे कळले. आणि तमाशाच्या फडांना गुण कोणत्या कसोटीवर द्यावेत, ही आपली विचारणा दोन ओळींत उरकण्याजोगी नसल्याने उत्तर थोडे विस्ताराने देणे भाग आहे.

परीक्षण ही गोष्ट तमाशाला नवी नाही. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, त्याबरोबर शाहिरांचा दरबारी आश्रय सुटला आणि तेव्हापासून या कलेला गावोगावच्या प्रेक्षकांचा कौल घेतच जगावे लागले. हा कौल देणारे मात्र एकाच प्रकारचे नाहीत. पहिला परीक्षक म्हणजे गावची यात्रा कमिटी. पुणे जिल्ह्यातील नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात, ठिकठिकाणचे पंच तेथे येऊन चौकशी करतात आणि रक्कम ठरवून सुपारी, म्हणजे खेळाचा करार, देतात. या पंचांच्या डोळ्यांपुढे कला असते, तसाच गावचा लौकिकही असतो. खेळ पडला तर चावडीवर जाब त्यांनाच द्यावा लागतो, म्हणून फडात माणसे किती, वग, म्हणजे मुख्य नाट्यकथा, कोणता, नाचणाऱ्या कोण आणि मागच्या वर्षी शेजारच्या गावात काय झाले, एवढे विचारल्यावाचून त्यांचा हात खिशाकडे जात नाही.

दुसरा परीक्षक तिकीट काढणारा प्रेक्षक. तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताच्या यात्रेला घोडेबाजार भरतो, तसे तमाशाचे तंबूही लागतात. येथला प्रेक्षक अहिराणी, भिली, गुजराती आणि गुर्जर बोलींच्या मिश्रणात वाढलेला असतो. नवापूर, धडगावकडच्या आदिवासी गावांतून आलेल्यांना तर रात्ररात्र चालणाऱ्या सोंगाड्या पार्टीचाही, म्हणजे तिकडच्या लोकनाट्याचाही, सराव असतो. अशा तंबूत बतावणीची, म्हणजे वगाआधीच्या चटकदार संवादांची, खरी परीक्षा लागते. पुण्याकडे टाळी घेणारी कोटी येथे कोरडी जाते आणि सोंगाड्याने आयत्या वेळी घातलेला एखादा अहिराणी शब्द अख्खा तंबू उठवतो. बाहेरून आलेल्या परीक्षकाला तो शब्द कळला नाही, तर हशा ऐकूनही हशाचे कारण त्याच्या कागदावर उतरत नाही.

तिसरा परीक्षक सरकार. 1948 मध्ये मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली आणि पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली; त्यानंतर संहिता आधी तपासून घेण्याची रीत आली. या परीक्षकाने कागद पाहिला, आणि तमाशा तर कागदाबाहेरच अधिक घडत असल्यामुळे हजरजबाबी सोंगाड्याची तेवढी अडचण झाली.

या तिघांच्या जोडीला एक परदेशी दाखला उपयोगी पडेल. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हॉडव्हिल नावाचा करमणुकीचा प्रकार बहरला. त्यात कसरती, गाणी, नकला, जादू, शिकवलेली जनावरे असे स्वतंत्र तुकडे एकाच कार्यक्रमात पाठोपाठ सादर होत. बी. एफ. कीथ आणि ई. एफ. अल्बी यांच्या थिएटरांच्या साखळीत प्रत्येक ठिकाणच्या व्यवस्थापकाने नवा कार्यक्रम पाहून प्रत्येक तुकड्यावर अहवाल लिहायचा आणि तो मुख्य कचेरीकडे धाडायचा, असा शिरस्ता होता. 1902 नंतरचे असे पुष्कळ अहवाल आज आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेले आहेत. अहवालात कलावंताचे नाव, तुकड्याला लागलेली मिनिटे, लोक कोठे हसले, कोठे थंड राहिले, कोणता भाग कापावा आणि कार्यक्रमात त्याला कितवी जागा द्यावी, हे मोजक्या शब्दांत असे. एकच तुकडा बॉस्टनला चालला आणि दुसऱ्या शहरात पडला, तर तेही कचेरीला कळे.

त्यातली जागेची बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रेक्षक अजून खुर्च्या शोधत असताना सुरुवातीला बिनबोलीची कसरत किंवा जनावरांचा खेळ ठेवत आणि सर्वांत नावाजलेला कलावंत शेवटून दुसऱ्या जागी येई. म्हणून पहिल्या जागेवरच्या कसरतपटूला टाळ्या कमी पडल्या तर तो दोष त्याचाच, असे शहाणा व्यवस्थापक मानत नसे. या अहवालांचे दोषही उघड आहेत: कलावंताला आपल्याविषयी काय लिहिले गेले ते कळत नसे, आणि एका माणसाच्या चार ओळींवर त्याच्या पुढच्या कामाचे भवितव्य लटके. तरीही अहवाल लिहिणारा कोणाला आणि कशासाठी उत्तरदायी आहे हे स्वच्छ होते, आणि म्हणूनच त्याचे मत नेमके उतरे.

आजच्या स्पर्धांत नेमकी हीच बाब धूसर राहते. अकलूज येथे 1993 मध्ये सुरू झालेल्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेने पारंपरिक लावणीला प्रतिष्ठेचे व्यासपीठ दिले, ही तिची मोठीच कामगिरी. पण स्पर्धा म्हटली की वेळेची मर्यादा आणि गुणपत्रकाचे रकाने आलेच, आणि रकान्यांत बसते तेवढेच हळूहळू मोलाचे ठरते. गण, गौळण, बतावणी, लावण्यांची रंगबाजी आणि शेवटी वग, हा तमाशाचा क्रम एकमेकांत गुंफलेला असतो. गणाने बैठक जमवावी, गौळणीत मावशीने, म्हणजे गवळणींसोबतच्या विनोदी पात्राने, ती सैल करावी, बतावणीने कान टवकारून द्यावेत, तेव्हा कोठे वग उभा राहतो. अशा फडाकडून अर्ध्या तासाचा तुकडा मागून त्याला पोशाख, ताल, आवाज असे सुटे गुण देणे म्हणजे सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात, भोवरे आणि रंग पाहून, त्याला चार पावले न चालवताच सौदा करण्यासारखे आहे. शुभ मानला जाणारा पंचकल्याणी घोडासुद्धा चालीत लंगडा निघू शकतो.

फडाची चाल पाहायची तर नजर मुख्य नर्तिकेवरून हटवून मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांकडे, म्हणजे ध्रुपद उचलून धरणाऱ्या साथीदारांकडे, न्यावी. मुख्य गायिकेची ओळ संपता संपता त्यांनी तोच सूर त्याच दमाने उचलला, ढोलकीवाल्याने तोडा घेऊन पुन्हा समेवर येताना नर्तिकेच्या पावलाची वाट पाहिली आणि तुणतुण्याचा सूर शेवटपर्यंत ढळला नाही, तर तो फड एका जिवाचा आहे, असे समजावे. एकीचे सौंदर्य आणि बाकीच्यांची हजेरी असा प्रकार असेल, तर तो याच ठिकाणी उघडा पडतो.

तेव्हा आपण संयोजकांकडे दोन गोष्टींचा आग्रह धरावा, अशी विनंती आहे. प्रत्येक फडाचा क्रम, सादरीकरणाची वेळ आणि त्या वेळी मंडपात असलेली गर्दी गुणपत्रकावर नोंदली जावी, कारण रात्री नऊला रिकाम्या खुर्च्यांपुढे नाचलेल्या पार्टीची आणि बाराला खचाखच मंडपात आलेल्या पार्टीची तुलना या नोंदीशिवाय न्याय्य होत नाही. आणि गुणांच्या खाली, काय साधले आणि काय सुधारावे, ही दोन वाक्ये लिहून ती फडमालकाच्या हाती दिली जावीत. गावचे पंच सुपारीतून बोलतात आणि प्रेक्षक तिकिटातून. स्पर्धेच्या परीक्षकापाशी असा पैशाचा कौल नसल्यामुळे, कारण सांगणे एवढाच त्याचा अधिकार आणि तेवढीच त्याची जबाबदारी उरते.

थंडी वाढली आहे. रात्रीच्या बैठकीला कानटोपी विसरू नये. घरी सर्वांना यथायोग्य. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक