अण्णांची कोळंबी

अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेस एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर अण्णा राहत. इमारतीचा जिना ५२ पायऱ्यांचा. तीस वर्षे अण्णा तो दिवसातून दोनदा चढले-उतरले, पण पायऱ्या त्यांनी कधी मोजल्या नव्हत्या. खुब्याचे हाड मोडले आणि मग मात्र तो आकडा त्यांना तोंडपाठ झाला.

पूर्वी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णा साऱ्या कुटुंबाला स्थानकाजवळच्या चिनी हॉटेलात नेत. छताला लाल कागदी कंदील, दारावर सोनेरी ड्रॅगन, असा तेथला थाट. वेटर जवळ येण्यापूर्वीच अण्णा सांगत, "एक शेजवान कोळंबी, आणि तिखट कमी करू नका!" ती लालबुंद, वाफाळती बशी मेजावर आली की नातवंडांची बडबड आपोआप थांबे.

आता अण्णा दिवसभर खिडकीशी बसून खालची रहदारी पाहत. जेवण दोन घासांवर आले होते. एकदा मुलाने तीच कोळंबी हॉटेलातून बांधून आणली. परंतु डब्यातल्या वाफेने तिचे कुरकुरीत अंग वाटेतच मऊ पडले. अण्णांनी एक कोळंबी खाल्ली आणि बशी बाजूला सारली. "ही ती नव्हे," एवढेच ते म्हणाले.

हे सुनेच्या मनाला लागले. कोळंबी घरीच करायची, असे तिने ठरवले. सहावीत शिकणाऱ्या नातीने वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले : 'प्रयोग पहिला'.

बेडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटल्या. मूठभर लसूण, आले, पातीचा कांदा, सोया सॉस, व्हिनेगर, सारे काही जमवले. मग अर्धा किलो कोळंबी एकदम कढईत पडली, आणि तेथेच घात झाला. कोळंबीला पाणी सुटले. ती परतली जाण्याऐवजी रटरटत शिजली आणि रबरासारखी चिवट झाली. अण्णांनी त्यातल्या दोन विनयाने खाल्ल्या. जेवणाऱ्याचा विनय स्वयंपाक करणाऱ्याला टीकेपेक्षा अधिक झोंबतो.

दोष मसाल्याचा नव्हता, विस्तवाचा होता. हॉटेलातली शेगडी घरच्या शेगडीहून कितीतरी प्रखर असते. तिच्यावर कढई अशी तापते की, कोळंबीतून सुटलेले पाणी क्षणात वाफ होऊन उडून जाते. घरच्या आचेवर ते कढईतच साचते. आणि पाणी आहे तोवर तेथील उष्णता १०० अंशांच्या फारशी वर चढत नाही. खरपूसपणा येण्यास याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या. मायलेकी सकाळीच वेसाव्याच्या कोळीवाड्यात गेल्या. फजितीची हकिकत ऐकून कोळीण मावशी खळखळून हसली. "बाय, कोळंबीला आग नुसती दाखवायची! फडक्यानं कोरडी कर, थोडी थोडी टाक. चंद्रकोरीसारखी वाकली की काढ. पार गोल झाली की गेली!"

प्रयोग दुसरा त्याप्रमाणे झाला. कोळंबी कोरडी करून तिला अंड्याचा पांढरा बलक आणि मक्याचे पीठ लावले, आणि एका वेळी सहा-सातच टाकल्या. कोळंबी बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत झाली. अण्णांनी मान डोलावली; पण बशीत चार उरल्याच.

नात आता हट्टाला पेटली. 'शेजवान' म्हणजे चीनमधला सिच्वान प्रांत, हे तिने शोधून काढले. नकाशाचे पुस्तक उघडले आणि ती चकित झाली. सिच्वानला समुद्रकिनाराच नाही!

मग ही कोळंबी आली कोठून? ती आपल्याकडचीच. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी लोक कोलकात्यास येऊन राहिले आणि त्यांच्या हातच्या अन्नाने हळूहळू भारतीय जिभेशी सूत जमवले. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग पुढे मुंबईस आले. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि चिकन मांचुरियन तयार केले. शेजवान कोळंबी ही त्याच गोतातली. सिच्वानचा जो खरा मसाला, ह्वाज्याओ नावाचे जिभेला झिणझिण्या आणणारे फळ, तो तिच्यात बहुधा नसतोच.

"पण ते फळ म्हणजे आपल्या तिरफळाचे भावंड आहे," नात वाचता वाचता म्हणाली.

अण्णा ताठ बसले. त्यांचे बालपण वेंगुर्ल्यात गेले होते. "तिरफळ? अगं, बांगड्याच्या आमटीत घालतात ते! फळणीवरच्या डब्यात असेल. आण इकडे, आणि खलबत्ताही आण."

कितीतरी दिवसांनी अण्णांनी आपण होऊन काही मागितले होते. त्यांनी प्रत्येक तिरफळातली काळी बी वेचून टाकली, कारण चव टरफलात असते, आणि टरफले बेताने कुटली. लिंबाच्या कुळातल्या या काटेरी झाडाचा वास घरभर दरवळला.

तिसऱ्या प्रयोगाची पहिली कोळंबी खाताच नातीने ओठांवर हात ठेवला. ओठ थरथरत होते! २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी सिच्वानचे ते फळ माणसांच्या ओठांना लावून ही थरथर मोजली होती. ती सेकंदाला सुमारे ५० कंपनांइतकी भरली.

"पण ही हॉटेलसारखी मुळीच झाली नाही," नात हिरमुसून म्हणाली.

"नाहीच झाली," असे म्हणत अण्णांनी पाचवी कोळंबी उचलली. त्या दिवशी बशीत फक्त पातीचा कांदा उरला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी अण्णांनी सुनेला विचारले, "उद्या वेसाव्याला जाणार ना? कोळंबी सोलायला माझ्याकडे दे. त्यातला काळा दोरा काढणे तुमच्या घाईचे काम नव्हे."

नातीने वहीत 'प्रयोग चौथा' असे लिहिले आणि खाली 'मदतनीस : अण्णा' अशी नोंद केली. अण्णांनी चष्मा लावून ती वाचली, पेन मागून घेतले, 'मदतनीस' हा शब्द खोडला आणि त्याच्या जागी लिहिले : 'मुख्य आचारी'.