मुकादम

जबलपूरकडच्या शहपुऱ्यात, भिटोनी स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका वृद्ध शेतकऱ्याला कोणी "मुकद्दमजी, राम राम" अशी अदबीने हाक मारली, तेव्हा बीड जिल्ह्यात वाढलेला मी जागीच थबकलो. कारण माझ्या बालपणी हा शब्द उच्चारताना वडीलधारी माणसेही आवाज खाली घेत, आणि तो ज्याला लागे तो दसऱ्याच्या सुमारास गावातले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, ट्रकमध्ये भरून साखर कारखान्यांकडे नेणारा ऊसतोड टोळीचा मुकादम असे.

मुकद्दम म्हणजे पुढे ठेवलेला. अरबी शब्दाचा अर्थ एवढाच. मराठेशाहीच्या कागदांत 'मोकदम' म्हणजे गावचा पाटील: वसुलाला तोच जबाबदार, आणि दुष्काळाने वा स्वारीने रयत परागंदा झाली तर सरकारातून कौल मिळवून, सारा सूट करवून तिला पुन्हा गावात वसवण्याचा भारही त्याच्याच शिरावर. जबलपूरचा हा मुलूख १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. इंग्रजी अमलात गावचा सारा भरणारा मालगुजार जमिनीचा मालक ठरला, आणि तो परगावी राहत असला तर त्याच्या वतीने गाव सांभाळणाऱ्यास मुकद्दम गुमास्ता म्हणू लागले. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. मुकद्दम हे नाव मात्र घराण्यांना चिकटून राहिले.

पुढे ठेवलेला खरा, पण कोणी ठेवलेला, आणि त्याचे तोंड कोणाकडे? गावाच्या वतीने सरकारकडे, की सरकारच्या वतीने गावाकडे? मला वाटते, या पदाची सारी प्रतिष्ठा आणि सारी दहशत या एका वळणात साठलेली आहे. जुना मोकदम कौलाच्या कागदावर माणसे गावात परत आणी. आमचा मुकादम उचलीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या, रकमेवर ती गावाबाहेर नेई. तरीही त्याला केवळ खलनायक ठरवणे मला जमत नाही, कारण कारखान्याची उचल त्याच्याच नावावर चढलेली असे आणि एखादे जोडपे मध्येच निघून गेले की ती फिटेपर्यंत त्याच्या झोपेचे खोबरे होई.

त्या वृद्धाला मी हे सारे सांगितले. तो बराच वेळ ऐकत राहिला, आणि मग त्याने विचारले, ट्रक निघताना तुमचा मुकद्दम बसे कुठे. मला आठवले: ड्रायव्हरशेजारी नव्हे, मागे, गोधड्यांत झोपलेल्या पोरांपाशी.